पिवळं फडकं आणि गुलाबपाणी

डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही डोळे येतात, ही समजूत सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांतून ऐकायला मिळते. म्हणून घरात एकाचे डोळे लाल झाले की बाकीचे त्याच्याशी मान वळवून बोलतात, त्याला काळा चष्मा लावायला सांगतात, आणि नंतर मोरीतून बाहेर येऊन त्यानेच वापरलेल्या टॉवेलला तोंड पुसतात. हा रोग नजरेतून जात नाही, टॉवेलमधून जातो. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. इथल्या मागांवर विणलेले टॉवेल देशभर जातात. अशा गावात डोळ्यांच्या साथीबद्दल पहिली गोष्ट सांगायची ती हीच, की घरातल्या प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असू द्या. पुढे जे घरगुती उपाय सांगणार आहे, त्यांतला एकही याच्याइतका गुणकारी नाही.

डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्यांची आतली बाजू यांवर एक पातळ, पारदर्शक अस्तर असतं. एरवी त्यातल्या रक्तवाहिन्या दिसतही नाहीत. विषाणू तिथे शिरला की त्या फुगतात, कारण लढणाऱ्या पेशी त्यांच्यातूनच येणार असतात. डोळा लाल होतो तो यामुळे. पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात. साथीमध्ये हे काम बहुतेक वेळा अडिनोव्हायरस किंवा एन्टेरोव्हायरस या दोन कुळांतल्या विषाणूंचं असतं. त्यांतला अडिनोव्हायरस फार चिवट. कोरड्या प्लास्टिकवर तो कित्येक दिवस, त्याचे काही प्रकार तर कित्येक आठवडे तग धरून राहतात. डोळा चोळलेल्या बोटाने मोबाइल धरला, बादलीतला मग उचलला, रिक्षाचा दांडा पकडला. मागून दुसऱ्याने तोच दांडा पकडून आपला डोळा चोळला, की विषाणूचा प्रवास पूर्ण झाला. लागण झाल्यापासून डोळा लाल व्हायला अडिनोव्हायरसला साधारण पाच ते बारा दिवस लागतात, त्यामुळे कुणाकडून आलं हे सहसा कळतच नाही. नजरेची समजूत टिकून राहिली त्यामागे हेही एक कारण असावं.

काळ्या चष्म्याचा उपयोग नाही असं नाही. उजेड टोचत नाही, आणि डोळ्याकडे जाणारा हात काचेवर अडतो. माझ्या मते हा दुसरा फायदा मोठा आहे. पण चष्मा लावला म्हणून लागण थांबत नाही. ती थांबते हात धुण्याने, तेही साबणाने. करोनाच्या काळात सवय झालेलं सॅनिटायझर अडिनोव्हायरसला नेहमी पुरं पडतंच असं नाही. सोलापुरात इथे एक अडचण येते. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाणी साठवलेलं असतं आणि पिंपात किंवा बादलीत मग बुडवूनच ते घेतलं जातं. साथीच्या दिवसांत डोळे आलेल्याने स्वतः मग बुडवू नये. दुसऱ्याने त्याच्या हातावर वरून पाणी घालावं. एवढ्याने पाणीही वाचतं आणि बादलीही स्वच्छ राहते.

या रोगाच्या साथी किती लांबून चालत येतात ते बघण्यासारखं आहे. १९६९ च्या मध्यावर पश्चिम आफ्रिकेतल्या घानात डोळ्यांची एक नवी साथ उसळली. डोळे नुसते लाल होत नव्हते, पांढऱ्या भागात रक्ताचे डाग उमटत होते. त्याच सुमारास अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरलं होतं, म्हणून तिथल्या लोकांनी रोगालाच ‘अपोलो’ म्हणायला सुरुवात केली. दोन वर्षांत ही साथ आशियात पोचली. १९७१ मध्ये बांगलादेशचा मुक्तिसंग्राम चालू होता, सीमेपलीकडून लाखो निर्वासित येत होते, आणि बंगालमध्ये या लाल डोळ्यांना ‘जय बांगला’ हे नाव पडलं. पुढे शोध लागला तो एन्टेरोव्हायरस ७० या विषाणूचा. त्या वर्षी मुंबईतही साथ होती. जे. जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. डोळे येऊन बरे झालेल्या काही मोजक्या रुग्णांचे पाय काही आठवड्यांनी पोलिओसारखे लुळे पडत होते. त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि डोळ्यांपुरता वाटणारा हा विषाणू क्वचित मज्जारज्जूपर्यंत जाऊ शकतो हे जगाला कळलं. असं फार थोड्यांना झालं. पोलिओचा विषाणूही एन्टेरोव्हायरसच्याच कुळातला, हे आठवलं म्हणजे त्यात नवल वाटत नाही.

अलीकडची मोठी साथ २०२३ ची. जुलैमध्ये पुणे जिल्ह्यातल्या आळंदीत मुलांचे डोळे येऊ लागले आणि महिनाभरात राज्यभर रुग्णांची संख्या लाखोंच्या घरात गेली. बुलढाणा जिल्हा त्यात आघाडीवर होता. पावसाळी दमट हवा, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, एकमेकांना खेटून बसणारी मुलं, एवढं या विषाणूला पुरतं. सोलापूर जिल्ह्यात तर याच दिवसांत पंढरपूरला वारी येते, मुक्कामाच्या ठिकाणी पंचे आणि अंथरुणं सहज एकमेकांच्या हाती जातात. वारीला निघणाऱ्याच्या पिशवीत टाळाबरोबर आणखी एक पंचा आणि साबणाची वडी असायला हवी.

वापरलेल्या कपड्यातून डोळ्यांचा रोग जातो, हे ज्ञान मात्र नवं नाही. सुश्रुतसंहितेत माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांची नावं एका ठिकाणी दिली आहेत. त्यांत ताप आणि क्षय यांच्या जोडीला नेत्राभिष्यंद, म्हणजे आपलं डोळे येणं, स्पष्ट आहे. आणि ते कशातून जातात? अंगाला अंग लागणं, श्वास, एका ताटात जेवणं, एका अंथरुणावर झोपणं, दुसऱ्याचे कपडे, माळा, लेप वापरणं. सूक्ष्मदर्शक येण्याच्या किती तरी शतकं आधी कुणीतरी माणसं आजारी पडताना नीट बघितली होती. आज वैद्यकीय अधिकारी साथीत जी पत्रकं वाटतात, त्यांतला मजकूर याहून फार वेगळा नसतो.

आपल्याकडच्या घरांतही यातलं काही शिल्लक आहे. डोळे आले की जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं मऊ फडकं हळदीच्या पाण्यात बुडवून, वाळवून, आजी त्या माणसाला देते: डोळे यालाच पूस. हळदीत जंतुनाशक गुण आहेत म्हणून हे चालतं, असं आपण सांगतो. हळदीतल्या द्रव्याला प्रयोगशाळेत तसे गुण दिसलेही आहेत, पण वाळलेल्या फडक्यातून डोळ्यातल्या विषाणूवर त्याचा काही परिणाम होत असेल असं मला वाटत नाही. मला त्या फडक्याचं मोल दुसरीकडे दिसतं. ते पिवळं आहे. दांडीवर दहा कपडे वाळत असले तरी कुणाचं ते लहान पोरालाही कळतं आणि घरातलं दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. जुनं सुती असल्यामुळे ते पापणीला घासत नाही, पाणी टिपून घेतं. चूक होते ती एकच फडकं दोन-तीन दिवस कमरेला खोचून वापरण्यात. ओलं, चिपडांनी भरलेलं फडकं म्हणजे विषाणूंचा साठाच. तेव्हा एका फडक्याऐवजी आठ-दहा लहान तुकडे करावेत, पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवावेत, एक तुकडा एकदा वापरला की पुन्हा धुण्यात टाकावा. हळद घातली तरी चालेल, नाही घातली तरी चालेल. मी मात्र घालीन.

पुसायचं कसं तेही सांगतो. पाणी उकळून, झाकून, गार होऊ द्यावं. आधी हात साबणाने धुवावेत. तुकडा त्या पाण्यात भिजवून मिटलेल्या पापणीवर मिनिटभर ठेवावा, म्हणजे चिपडं भिजून सुटतात. कोरडी ओढून काढली तर पापण्यांचे केस उपटतात आणि कडा सोलते. मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं. पुन्हा पुसायचं तर नवा तुकडा. डाव्या डोळ्याचा तुकडा उजव्याला लावायचा नाही, कारण पुष्कळदा आधी एकच डोळा आलेला असतो आणि दुसरा वाचवता येण्यासारखा असतो. डोळे पाणी गाळत असतील, जळजळत असतील, तर गार पाण्याची घडी दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं ठेवावी; माठातलं पाणी पुरे, बर्फ थेट लावू नये. चिपडं घट्ट, पिवळसर असतील तर कोमट घडी बरी वाटते. एवढ्यावर साधे आलेले डोळे एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. औषध न घालता बरे होतात, हे मुद्दाम सांगतो, कारण ज्या दिवशी गुलाबपाणी घातलं त्याच्या तिसऱ्या दिवशी डोळा निवळला की श्रेय गुलाबपाण्याला जातं.

आणि इथेच घरगुती उपायांची वाट फुटते. पापणीच्या बाहेर जे काही आपण करतो, त्यातून सहसा नुकसान होत नाही. गार घडी, काकडीचा काप, बटाट्याचा काप यांनी थंडावा मिळतो. काप पापणीवर ठेवून नंतर फेकून द्यावा, बस. पण पापणी उघडून आत काही घालायचं म्हटलं, की प्रश्न बदलतो. तुळशीचा रस, धन्याचं पाणी, कोथिंबिरीचा रस, मध, तुपाचा थेंब, दुधाची साय, तुरटीचं पाणी, त्रिफळ्याचं पाणी, गुलाबपाणी, बाळंतिणीच्या अंगावरचं दूध. ही यादी सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत तयार होईल आणि तिच्यातलं प्रत्येक नाव कुणीतरी मायेनेच सुचवलेलं असेल.

वनस्पतींत गुण नसतात असं मी म्हणत नाही. दारुहळदीपासून वैद्य रसांजन करतात. तिच्यातलं बर्बेरिन हे द्रव्य जंतूंवर काम करतं आणि आपल्याकडे खुपऱ्यांसाठी त्याची तपासणीही झाली होती. खुपऱ्या, म्हणजे पापणीच्या आतल्या बाजूला खरखरीत दाणे उठवणारा तो जुना रोग, एके काळी लोकांना आंधळं करत असे. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून तो संपला, असं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. तो संपण्यात चेहरा धुण्याच्या सवयीचा, पाण्याचा आणि प्रतिजैविकांचा वाटा मोठा. तर प्रश्न तुळशीत गुण आहेत का, हा नाहीच. कुंडीतून खुडलेल्या पानावर काय काय बसलेलं होतं, ते वाटलेल्या खलात काय होतं, गाळलेल्या फडक्यात काय होतं, असा प्रश्न आहे. पोटात गेलेले जंतू जठरातल्या आम्लात बरेचसे मरतात. डोळ्याला तसं आम्ल नाही, आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात तर रक्तवाहिन्याही नाहीत, त्यामुळे तिथे मदत उशिरा पोचते. आधीच सुजलेल्या, चोळून ओरखडलेल्या डोळ्यात चिखलातल्या बुरशीचा एखादा बीजाणू जरी गेला तरी आठवड्यात बरा होणारा आजार महिन्यांवर जातो.

निर्जंतुक नसलेल्या थेंबाने काय होतं याचा मोठा दाखला २०२३ मधलाच आहे, आणि तो कारखान्यातल्या औषधाचा आहे. तमिळनाडूत बनलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब अमेरिकेत विकले जात होते. त्यांच्यात स्युडोमोनास नावाचा, बहुतेक प्रतिजैविकांना न जुमानणारा जिवाणू निघाला. १८ राज्यांत ८१ जणांना लागण झाली, चौदा जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळाच काढावा लागला आणि चौघे दगावले. यंत्रांनी भरलेल्या, सीलबंद बाटलीत ही चूक होऊ शकते. मग फ्रिजच्या दारात महिनोन्‌महिने उघडझाप होत असलेल्या गुलाबपाण्याच्या बाटलीचं काय? ते गुलाबपाणी तोंडाला लावायला, गुलाबजामच्या पाकात घालायला ठीक आहे.

अंगावरच्या दुधाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण त्यामागे आईचा हात असतो. आईच्या दुधात संरक्षक द्रव्यं खरोखरच असतात, पण ती बाळाच्या पोटासाठी असतात. दुधात साखरही असते आणि डोळ्यातल्या जंतूंना ती आवडते. बाळाच्या डोळ्यातून जन्मापासून पाणी येत असेल, सकाळी चिपडं धरत असतील, पण डोळा लाल नसेल, तर बहुधा डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी अजून उघडलेली नाही. अशा वेळी डॉक्टर जो उपाय सांगतात तो घरातच करायचा असतो. धुतलेल्या हाताच्या, नख कापलेल्या करंगळीने डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर हलका दाब देऊन नाकाच्या कडेने खाली उतरायचं, दिवसातून काही वेळा. डॉक्टरांकडून एकदा बघून घ्यावं. बहुतेक मुलांची नळी वर्षाच्या आत उघडते. पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात पापण्या सुजून पू येत असेल, तर घरात काहीही न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. प्रसूतीच्या वाटेतून आलेला जंतू दोन-तीन दिवसांत बुबुळ खाऊन टाकू शकतो. काजळ आणि सुरमा तर बाळाला नकोच. सुरम्यात पुष्कळदा शिसं असतं आणि ते डोळ्याच्या वाटेने, चोळलेल्या हाताच्या वाटेने पोटात जातं. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावावी.

डोळ्यात घालण्यासाठी निसर्गाने दिलेलं खरं औषध म्हणजे अश्रू. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये, लायसोझाइम नावाचं द्रव्य जगापुढे आणलं. जिवाणूंची भिंत फोडणारं हे द्रव्य अश्रूंत भरपूर असतं. प्रयोगाला अश्रू कमी पडू नयेत म्हणून फ्लेमिंग स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळत. आलेल्या डोळ्यांवर दर तासाला पाण्याचे सपके मारू नयेत असं मी म्हणतो ते या अश्रूंसाठी. आतली राखण आपणच धुऊन काढतो, आणि पिंपातल्या पाण्यातले जंतू वर आत सोडतो.

आता मेडिकलच्या दुकानाकडे वळतो. शहरात हाही घरगुती उपायच झाला आहे: लाल डोळा घेऊन जायचं, काउंटरवरचा पोरगा एक बाटली देतो, दोन दिवसांत डोळा पांढरा होतो. प्रतिजैविकाचे थेंब विषाणूवर काम करत नाहीत, पण त्यांनी सहसा मोठी हानीही होत नाही. भीती वाटते ती स्टेरॉइड मिसळलेल्या थेंबांची. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलं असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय ती बाटली घेऊ नका. लाली झटक्यात जाते, कारण स्टेरॉइड शरीराची लढाई थांबवतं. जंतू तिथेच असतो. लालीमागे नागिणीच्या कुळातला विषाणू किंवा बुरशी असेल तर ती आता मोकाट सुटते. सोलापूरच्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, मुलांना एक ॲलर्जी होते. डोळे इतके खाजतात की मूल चोळून चोळून रडतं, आणि तारेसारखी चिकट चिपडं निघतात. दर उन्हाळ्यात हे परत येतं. आईबाप जुनी बाटली जपून ठेवतात आणि वर्षानुवर्षं तेच थेंब घालत राहतात. डोळ्यातला दाब वाढत जातो, मुलाला दुखत नाही, कडेची नजर हळूहळू जाते. काचबिंदूने गेलेली ती नजर परत आणता येत नाही. अशा मुलाला गार घडी, टोपी, चष्मा, फ्रिजमध्ये ठेवलेले साध्या कृत्रिम अश्रूंचे थेंब यांनी पुष्कळ आराम पडतो, बाकीचं डॉक्टरांवर सोडावं. कुठलीही बाटली उघडून महिना झाला की टाकून द्यावी. दोघांनी एक बाटली वापरू नये.

लाल डोळा म्हणजे डोळे येणं, हे समीकरण जिल्ह्यातल्या गावांत फार महाग पडतं. इथे ऊस आहे, ज्वारी आहे. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. तोडणी करताना ते डोळ्यावरून ओढलं जातं, मळणीत कुसळ उडतं, आणि बुबुळावर डोळ्यांना दिसणारही नाही एवढा ओरखडा पडतो. ओल्या पाल्यातली बुरशी त्या ओरखड्यात रुजते. पहिले दोन दिवस वाटतं, डोळे आलेत. गावात अजूनही जिभेने डोळ्यातला कचरा काढणाऱ्या बाया आहेत. त्यांचं कसब खरं, कचरा निघतोही, पण तोंडातले जंतू ओरखड्यावर सोडून निघतो. मग धन्याचं पाणी, मग दुकानातले थेंब, आणि आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका. त्या ठिपक्याला आपल्याकडे फूल पडणं म्हणतात.

नेपाळमधल्या भक्तपूर भागात डॉक्टरांनी याच प्रश्नावर एक साधा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्या आरोग्यसेवकांना बुबुळावरचा ओरखडा ओळखायला शिकवलं आणि त्यावर लावायला क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिलं. दुखापत झाल्यापासून १८ तासांच्या आत जे आले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. या आकड्यासाठी हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात महागडं काही नव्हतं, वेळ तेवढी पाळली होती. मोहोळ, करमाळा, माढा असं कुठलंही गाव घ्या, अठरा तासांत ग्रामीण रुग्णालय गाठता येतं. सोलापूर शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सर्वोपचार रुग्णालय आहे, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात. तिथे नेत्रविभाग आहे. मजुरी बुडते म्हणून माणूस जात नाही, हे मला समजतं. मुकादमाने आणि मळ्याच्या मालकाने हे ओळखून त्याला पाठवावं, त्या दिवसाची मजुरी कापू नये.

डोळे आलेत की आणखी काही झालंय, हे घरी ओळखायची एक सोपी रीत आहे. चिपडं पुसून टाकावीत, एक डोळा तळहाताने झाकावा आणि दुसऱ्याने भिंतीवरच्या कालनिर्णयाचे आकडे वाचावेत; मग डोळे बदलावेत. डोळे आले असले तरी पुसल्यावर आकडे पहिल्यासारखे दिसतात. धूसर दिसलं, खुपण्याऐवजी ठणका लागला, उजेडाकडे बघवेना, बुबुळावर पांढरा डाग दिसला, लालीबरोबर डोकेदुखी आणि उलट्या झाल्या, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, पात्याचा किंवा कुसळाचा मार आठवला, किंवा आठवडा उलटूनही उतार पडला नाही, तर फडकी आणि घड्या बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

रांजणवाडीचं इतकं भय नाही. पापणीच्या कडेला उठलेल्या त्या पुळीवर लवंग उगाळून लावतात, तळहातावर बोट घासून गरम करून टेकवतात. त्यांतली ऊब खरी उपयोगी. लवंग डोळ्यात उतरली तर आग होते, तेव्हा ती सोडून कोमट घडीचा शेक दिवसातून चार वेळा द्यावा. पुळी आपोआप फुटते. दाबून फोडू नये.

शेवटी चुन्याबद्दल, कारण तिथे डॉक्टरांच्याही आधी घरच्यांनीच धावायचं असतं. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलाच्या हाती लागते, ते ती दाबतं आणि चुना उडून डोळ्यात जातो. असे अपघात आपल्या भागात नवे नाहीत. चुना अल्कधर्मी असतो. तो वरवर भाजून थांबत नाही, ऊतींत आत आत शिरत जातो. मिनिटांचा हिशेब असतो. डोळ्यात पाणी घालू नका असं आतापर्यंत सांगत आलो, ते इथे लागू नाही. उकळलेलं पाणी शोधत बसू नये. नळाचं, माठाचं, बादलीतलं, हाताशी असेल ते स्वच्छ पाणी घ्यावं. मुलाला आडवं करून, डोकं त्या डोळ्याच्या बाजूला कलवून, बोटांनी पापण्या फाकवून, निदान अर्धा तास धार धरावी. मूल किंचाळेल, हातपाय झाडेल, तरी थांबू नये; दुसऱ्या कुणीतरी त्याला चादरीत गुंडाळून धरावं. चुन्याचे कण वरच्या पापणीखाली दडतात आणि भाजत राहतात, ते ओल्या कापसाने अलगद टिपून काढावेत. लिंबू, व्हिनेगर, दूध, तूप यांतलं काहीही घालू नये. एकाने पाणी ओतत राहावं, तेवढ्यात दुसऱ्याने रिक्षा दारात आणून उभी करावी, आणि सिव्हिलला जाताना पाण्याची भरलेली कळशी बरोबर घेऊन वाटेतही धार चालू ठेवावी.